वाटा लांडग्याचा

रविवारी पहाटे बार्शी रोडनं नान्नजच्या माळढोक अभयारण्यात गेलो होतो. माळढोक पक्षी दिसेल ही आशा मी कधीच सोडलीय, पण काळवीटांचा कळप हमखास दिसतो म्हणून वर्षातनं दोनतीनदा चक्कर होतेच. यावेळी उन्हं वर यायच्या आत लांडगा दिसला, एकटाच, वाळलेल्या गवतातनं तिरका चालत गेला, आमच्याकडं ढुंकूनसुद्धा बघितलं नाही.

परत येताना टपरीवर चहा पिता पिता मित्र बोलून गेला लांडगा दिसला म्हणून, झालं, ग्रामसभाच भरली. एकजण म्हणे माळढोक संपवले ते यांनीच, पिंजरा लावून धरा आणि लांब कुठंतरी सोडा. दुसरा म्हणे लांडग्याचं ऱ्हाऊद्या, आधी हरणांचं बघा, कोवळी ज्वारी रात्रीत फस्त करत्यात. मी म्हणलं मग हरणं खातंय कोण? तर हसला, "लांडगाच की, पण तो एकटा किती खाणार बे?"

खरं सांगू का, यातला निम्मा राग जनावरांवर नाहीच, कागदावर आहे. १९७९ ला माळढोक अभयारण्य जाहीर झालं ते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं, सोलापूर-नगरचे तालुकेच्या तालुके त्यात, लोकांची घरं-शेतं सगळी आत. नंतर ते १,२२२ वर आणलं, पण मधल्या काळात ज्याचं खरेदीखत अडकलं त्याच्यासमोर पक्ष्याचं नाव काढून बघा. त्या रागाला मी तरी नावं ठेवणार नाही.

बाकड्याच्या टोकाला एक धनगर मामा बसले होते, बराच वेळ गप्पच. महिन्याभरात त्यांची दोन कोकरं लांडग्यानं नेलेली. मला वाटायचं ज्याचं जनावर जातं तोच धरा-हाकला म्हणतो, यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला वाघ बार्शीकडं उतरला तेव्हा तसंच ऐकलं होतं. मामा म्हणले, "त्यो त्याचा वाटा नेतोय. वाघर (मेंढरांभोवतीची जाळी) ढिली बांधली ती आमी. भ्या हाय ते गावच्या कुत्र्यांचं, धा-धा येत्यात, खात्यात एक आन फाडत्यात आठ."

यावर कुणी काही बोललं नाही, पिंजरावाला पण नाही.

माळढोक बहुतेक वेळा एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर. कोल्हा, लांडगा आणि हा पक्षी पिढ्यानपिढ्या एकाच माळावर नांदले ना? मग बिघडलं कुठं, तर माळ म्हणजे पडीक जमीन असं समजून आपण त्यावर गिरिपुष्पाची झाडं लावली, कडेनं ऊस आला, वर विजेच्या तारा आल्या (एवढ्या जड पक्ष्याला समोरची तार वेळेत दिसत नाही, राजस्थानात तर तारांनीच किती मेले) आणि कचऱ्यावर पोसलेली कुत्री थेट गवतात शिरायला लागली. लांडगा धरा म्हणायला सोपं आहे, तसा तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे त्यामुळं धरता येत नाहीच सहजासहजी, पण कुत्र्यांचा बंदोबस्त करा म्हणायची कुणाची टाप नाही, गावात पण नाही आणि सोलापुरात तर नाहीच नाही.

हे सगळं मी गाडीत मित्राला तावातावानं सांगणार होतो. बघतो तर निघता निघता त्यानं टपरीवरच्या तीन कुत्र्यांना अख्खा पारलेचा पुडा घातला. मी बी एक बिस्कीट टाकलं.