सर, हे लोक इतिहास वाचत नाहीत का?

ऑक्टोबर 2001 मध्ये, अमेरिका अफगाणिस्तानात शिरली तेव्हा विचारलंत. मार्च 2003 मध्ये, ती इराकमध्ये शिरली तेव्हा विचारलंत. फेब्रुवारी 2022 मध्ये, रशिया युक्रेनमध्ये घुसला तेव्हा तर एका दिवसात सात जणांनी विचारलं, त्यातले दोघे माझे विद्यार्थीही नव्हते. लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या रांगेत, सकाळी सहाला मोबाइलवर, प्रश्न तोच: "सर, दुसऱ्याच्या देशात सैन्य घुसवण्याआधी हे नेते इतिहास वाचत नाहीत का?" चौतीस वर्षं इतिहास शिकवल्याची ही वरकड पेन्शन. अर्थमंत्र्यांना बेरीज येत नाही का, असं गणिताच्या मास्तरांना कुणी विचारत नाही.

माझं उत्तर ठरलेलं असायचं. "वाचतात, पण विसरतात." विचारणाऱ्याला बरं वाटतं, आपण दोघंही न विसरणाऱ्यांत जमा होतो आणि जिलबी पुढे सरकते. हे उत्तर खोटं आहे. खोटं आहे हे मला 1988 पासून माहीत आहे.

वाचतात हो. चांगलं वाचतात. एल्फिन्स्टन तुम्हाला ठाऊक आहे, पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा दरबारातला वकील, पेशवाई बुडवणारा. तो 1809 मध्ये पेशावरला जाऊन अफगाण राजा शाह शुजाला भेटून आला होता. 1838 मध्ये गव्हर्नर जनरल ऑकलंडने याच शुजाला काबूलच्या गादीवर परत बसवायचं ठरवलं, तेव्हा विलायतेत निवृत्त होऊन बसलेल्या एल्फिन्स्टनने पत्रात साफ लिहिलं: कंदाहार घ्याल, काबूल घ्याल, शुजाला बसवालही, पण त्या गरीब, थंड, दूरच्या मुलखात त्याला टिकवणं मला अशक्य दिसतं. 1839 मध्ये फौज गेली, काबूल घेतलं, शुजाला बसवलं. 1842 च्या जानेवारीत काबूलहून माघारी निघालेल्या सोळा हजारांच्या तांड्यातला डॉक्टर ब्रायडन हा एकच गोरा जलालाबादला पोचला. कैदेत पडलेले आणि मागाहून रखडत आलेले काही हिंदी शिपाई वेगळे. त्या फौजेचा सेनापती कोण, तर याच एल्फिन्स्टनचा चुलतभाऊ.

ऑकलंड अडाणी होता? मला नाही वाटत. त्याच्यासमोरही इतिहासच होता. संस्थानिकाला गादीवर बसवायचं, शेजारी रेसिडेंट ठेवायचा, हा प्रयोग कंपनीला हिंदुस्थानात चांगला पचला होता. आमच्या साताऱ्याला 1818 मध्ये प्रतापसिंह महाराजांना असंच बसवलं, आणि बसवणारा पुन्हा एल्फिन्स्टनच. (शुजाला काबूलला बसवलं त्याच 1839 साली महाराजांना मात्र गादीवरून उतरवलं. हे मी वर्गात हमखास सांगायचो, मुलांना आवडायचं.) म्हणजे ऑकलंड शिकला होता. जिथे जिंकलो तिथून शिकला होता.

आता माझं.

माझी पहिली नोकरी सातारा जिल्ह्यातल्या एका फौजी गावात होती. घरटी एक माणूस पलटणीत. शाळेच्या जुन्या इमारतीच्या भिंतीत संगमरवराची एक पाटी बसवलेली. 1914 ते 1919 च्या महायुद्धाला या गावातून किती माणसं गेली आणि त्यातली किती मेली, असे दोन आकडे, इंग्रजीत. गावात ती वाचता येणारे आम्ही मास्तरच. पोरं तिच्यावर ओली फडकी वाळत घालायची. म्हातारे त्या लढाईला 'बसऱ्याची लढाई' म्हणायचे. त्यात त्यांची काही चूक नव्हती. सहाव्या पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी आजच्या इराकमधल्या बसऱ्यावरूनच बगदादच्या दिशेने गेल्या, टेसिफॉनला मार खाऊन कुत-अल-अमाराला परतल्या आणि तिथे 147 दिवस वेढ्यात अडकल्या. घोडे कापून खायची वेळ आली. हिंदी शिपायांनी आधी नकार दिला, मग पोटापुढे इलाज चालेना. 29 एप्रिल 1916 ला सुमारे तेरा हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. मी त्या पाटीखाली उभा राहून मुलांना शौर्य शिकवायचो. बगदादला जायचं कोणाचं काय अडलं होतं, हे शिकवल्याचं आठवत नाही.

29 जुलै 1987 ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांच्या करारावर सह्या झाल्या, दुसऱ्या दिवसापासून आपली शांतिसेना श्रीलंकेत उतरू लागली. मी एकोणतीस वर्षांचा होतो. त्या आठवड्यात मी फळ्यावर रंगीत खडूने श्रीलंका काढली. जाफना वर, त्रिंकोमाली उजवीकडे. आणि वर्गाला सांगितलं की हे 1971 सारखं होणार: छोटा शेजारी, पिचलेली जनता, आपलं सैन्य जाणार, लोक हार घालणार, आपण परत.

संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर नाना भेटले. नाना म्हणजे निवृत्त हवालदार, थोरला मुलगा माझा विद्यार्थी. माझ्याकडून दहावी झाला आणि सरळ भरतीला उभा राहिला. त्याची पलटण गेली होती.

"मास्तर, ह्यो काय परकार हाय?"

मी वर्गातलंच सगळं पुन्हा सांगितलं. तेरा दिवस, ढाका, त्र्याण्णव हजार युद्धकैदी. नाना 1971 ला पूर्वेकडे स्वतः होते आणि मी त्यांना ढाका सांगत होतो. त्यांनी बिडी विझवली, उरलेली कानावर ठेवली.

"तवा तिथली मानसं आमाला बोलवत हुती. रातीला वाट दाखवाय पोरं यायची. हितं कोन बोलवतंय?"

"अहो नाना, कोलंबोनंच बोलावलंय. रीतसर करार झालाय."

"सरकार बोलवतंय, मास्तर. मानसं?"

मी हसलो. हे लिहायला जड जातंय, पण हसलो. बी.ए., बी.एड., इतिहासात जिल्ह्यात दुसरा. म्हणालो, "नाना, दिवाळीला घरी असेल तो." तेवढ्यात गाडी आली.

श्रीलंकेतल्या ज्या तमिळ बंडखोरांना 1983 नंतर आपणच आपल्या भूमीवर शस्त्रं चालवायला शिकवलं, त्यांच्यातल्या सर्वांत कडव्या संघटनेची, तमिळ वाघांची (एलटीटीई), त्या करारावर सहीच नव्हती. हे गुपित नव्हतं, पेपरात होतं, मी वाचलंही होतं. वाचून बाजूला ठेवलं, कारण ते माझ्या 1971 मध्ये बसत नव्हतं. वर दिल्लीतही जाणत्यांना हे काही आठवड्यांचं काम वाटत होतं, मग मी कोण? (हा बचाव मी पुष्कळ वेळा वापरलाय. दिल्लीला निदान फायली होत्या, मला नाना होते.)

ऑक्टोबरमध्ये लढाई जुंपली. ज्या तमिळांचं रक्षण करायला गेलो त्यांच्याच गल्ल्यांत. जाफना विद्यापीठाच्या मैदानात रात्री हेलिकॉप्टरने उतरवलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या तीस जवानांपैकी एकच जिवंत हाती लागला. नोव्हेंबरात मेजर रामस्वामी परमेश्वरन पडले, जन्माने मुंबईचे, महार रेजिमेंटचे. परमवीर चक्र मिळालं. त्याच हिवाळ्यात नानांकडे तार आली. मुलगा जिवंत होता. डावा पाय गुडघ्याखाली सुरुंगाने गेला होता.

तो पुण्याहून कृत्रिम पाय बसवून आला तेव्हा 1988 चा उन्हाळा होता. मी भेटायला गेलो. ओसरीवर बसला होता, पाय शेजारी काढून ठेवलेला. चामड्याचे पट्टे, पितळी बकला आणि त्याला चढवलेला शाळेत घालतात तसला करडा मोजा. पट्टा नवीन होता, करकरायचा. तो आपणहून बोलत गेला. ऑगस्टात बायका ओवाळायच्या, शहाळी कापून द्यायच्या. ऑक्टोबरात त्याच घरांतून गोळी यायची. "सर, नकाशे जुनं व्हतं. रस्ता दावायचा तिथं घरं." मग म्हणाला, "सुरुंग लावायचं शिकल्याली मानसं व्हती. कुनी शिकवलं ते आमाला तिथंच कळलं."

नानांनी चहा आणला. मी तयारीत होतो, आता काहीतरी म्हणतील. एसटीच्या थांब्याची आठवण काढतील, दिवाळीची काढतील. त्यांनी विचारलं, साखर बरोबर हाय का. बस. पुढे एकवीस वर्षं ते जगले, भेटत राहिले, पण तो विषय काढला नाही. काढला असता तर माझ्याकडे उत्तरं होती. करार मी केला नव्हता. सैन्य मी पाठवलं नव्हतं. मी तिकडे खडू घेऊन उभा असतो वा नसतो, त्या पोराचा पाय जायचा तो गेलाच असता. हे सगळं खरं आहे.

मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी परतली. अकराशेहून जास्त जवान मेले होते, आणि मद्रासला त्यांच्या स्वागताला राज्याचे मुख्यमंत्रीही आले नाहीत.

तर तुमच्या प्रश्नाचं काय? काही वर्षं मी म्हणायचो, शिकतात. 2003 मध्ये अमेरिकेने इराकसाठी आपल्याकडे डिव्हिजनभर सैन्य मागितलं. वाजपेयी सरकारने 14 जुलैला नाही म्हटलं. मी खूश. संयुक्त राष्ट्रांची मोहोर नाही हे कारण दिलं गेलं, पण माझ्या मनात ओळ सरळ होती: कुत, जाफना, नकार. स्टाफरूममध्ये पेढे वाटायचे तेवढे राहिले. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "सर, पुढच्या वर्षी निवडणूक आहे. तुमचं कुत त्यांना कोणी सांगितलंय?" मला राग आला. आजही ठरवता येत नाही. नकार शहाणपणाचा होता की हिशेबाचा? आणि घरी पोरगं धड राहत असेल तर तो कशाचा होता याने फरक पडतो का? कधी वाटतं पडतो. हिशेबाचा नकार पुढच्या हिशेबाला होकार होऊ शकतो. कधी वाटतं, मास्तरकीची खोड आहे ही, बरोबर उत्तराला रीत न दाखवल्याबद्दल मार्क कापायची.

आणि 1971? ते चुकलं नव्हतं. तेच तर अवघड आहे. फसलेल्या लढाईतून काय घ्यायचं ते बावळटालाही सुचतं. जिंकलेली लढाई मात्र डोक्यात अशी बसते की पुढची प्रत्येक तिच्याच मापाने शिवायला घेतो. नाना तीच लढाई लढून आले होते, पण त्यांच्या लक्षात रात्री वाट दाखवणारी पोरं राहिली. माझ्या लक्षात त्र्याण्णव हजार राहिले.

हे लिहून झाल्यावर मी त्याला वाचून दाखवलं. त्याची आता पिठाची गिरणी आहे, तिसरा कृत्रिम पाय चालू आहे. विचारलं, छापलं तर चालेल ना? तो सगळं ऐकेपर्यंत गप्प होता. मग पट्टा ढिला करत म्हणाला, "शहाळी न्हवती, सर. ताडगोळं व्हतं. शहाळी मी कधी बोललो?" आणि बाजरीचा डबा घेऊन आलेल्या बाईकडे वळला.