आमची वाटचाल : जुन्या गाडीची किंमत आधी कागदावर

आम्ही गाड्यांचा विमा काढून देतो. आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीवर धरलेल्या गाडीच्या किमतीच्या रकान्यात विमा कंपनीचं सॉफ्टवेअर जो आकडा फेकतं, तो आम्ही कधी मुकाट्याने घेतला नाही. त्यामुळे नागपूरच्या ब्रँच ऑफिसांत आम्हाला ‘कटकटे’ म्हणतात. ज्यांनी हे नाव पाडलं त्यातले बरेच जण आता रिटायर झालेत आणि स्वतःच्या गाडीची पॉलिसी आमच्याकडूनच काढतात. हे सांगायला मला कसलाही संकोच नाही.

१ जानेवारी २००७ ला टॅरिफ, म्हणजे सगळ्या कंपन्यांना बांधलेले विम्याचे दर, उठलं. थर्ड पार्टीचे, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याचे दर सरकारी राहिले, पण ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा दर ज्याच्या त्याच्या हाती आला. सगळे एजंट डिस्काउंटच्या मागे धावले. आम्ही मात्र जुन्या जीप, पद्मिनी, कोंटेसा आणि जिप्सीच्या मागे लागलो. आम्ही म्हणजे मी आणि गणेशपेठेतले मिस्त्रीभाऊ. कमिशन माझ्या नावावर यायचं, गाडीची पारख त्यांची. व्हॅल्युएशनच्या अहवालावर सही लायसन्सवाल्या सर्व्हेअरची असायची, पण नजर भाऊंचीच.

त्यांची हत्यारं साधी. मऊ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक, मोठा टॉर्च, तारेचा ब्रश, सहा-बी पेन्सिल आणि पातळ कागदाचा गठ्ठा. चुंबक मडगार्डवरून फिरवायचे, जिथे पकड सुटली तिथे बोटाने ठोकायचे आणि म्हणायचे, “पत्रा बोलून नाही राहिला भाऊ, आत लांबी भरली आहे.” लांबी म्हणजे पुट्टी. मग चेसिस नंबरवरचा गंज ब्रशने काढून त्यावर कागद धरून पेन्सिल घासायची. हा ठसा ते फोटोपेक्षा मोठा मानत. पुढे आम्ही पेंटची जाडी मोजायचं मीटर आणलं. ते त्यांनी एकदा हातात घेतलं, आकडा पाहिला, चुंबक लावून तोच निकाल दिला आणि मीटर मला परत केलं. ते मीटर अजून डब्यात आहे, बॅटरी गेलेली.

धंद्यातल्यांना माहीतच आहे, तरी सांगतो. आयडीव्हीचा घसाऱ्याचा तक्ता पाच वर्षांपर्यंतच चालतो : सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, आणि चार ते पाच वर्षांत ५० टक्के. त्यापुढे किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. आमचं दुकान या एका वाक्यावर उभं आहे. ‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’, म्हणजे आधीच ठरवलेली किंमत, या नावाची पॉलिसी जुन्या टॅरिफने फक्त व्हिंटेज गाड्यांना दिली होती, आणि व्हिंटेज म्हणजे ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेली, तीही व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाच्या दाखल्यासह. विदर्भात अशा गाड्या असतील तर कुणाच्या तरी वाड्यात झाकून ठेवलेल्या असतील. रस्त्यावर दिसते ती १९६५ ची जीप. २०२१ पासून परिवहन खात्याच्या नियमांत मूळ रूपातली पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज झाली आणि तिच्या नंबरात ‘व्हीए’ अक्षरं आली. म्हणजे एक गाडी आरटीओत व्हिंटेज आणि विम्यात नुसती म्हातारी. यावर मी बरीच पत्रं लिहिली आहेत.

पण पॉलिसीच्या मजकुरात आणखी एक ओळ आहे. ठरलेली आयडीव्ही हीच टोटल लॉससाठी, म्हणजे गाडी पूर्ण गेली तर, वर्षभर बाजारभाव मानली जाईल, पुन्हा घसारा नाही. ही ओळ आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचून दाखवतो.

आता आमच्या स्पर्धकांविषयी. नाव घेत नाही. आमच्याकडेच टेबलावर बसून फाइली लावायला शिकले आणि नंतर वर्धा रोडवर काचेचं ऑफिस थाटलं. आमच्याच गिऱ्हाइकांना फोन केले : तुमचा प्रीमियम तीन हजारांनी कमी करून देतो. देणारच, कारण आयडीव्ही साडेचार लाखांवरून सव्वा लाखावर आणली. बदललेलं इंजिन, चौड्या चाकांचा सेट, वरून लावलेली म्युझिक सिस्टीम, प्रपोजल फॉर्मवर काहीच नाही. खरं तर कंपनीने न दिलेल्या इलेक्ट्रिकल सामानाचा विमा त्याच्या किमतीच्या ४ टक्के जादा भरून वेगळा निघतो. ते चार टक्के वाचवून दिले म्हणून लोक त्यांना पेढे द्यायचे. आम्ही कटकटे.

मग २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी ओव्हरफ्लो, नाग नदी रस्त्यावर. आमचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक, मँगनीजच्या खाणीतून रिटायर झालेले इंजिनिअर साहेब, डागा लेआउटमध्ये राहतात. त्यांची सीजे-३बी जीप, मूळ हरिकेन पेट्रोल इंजिनची. त्या काळी बहुतेकांनी डिझेल इंजिन बसवून घेतलं, साहेबांनी ते ऐकलं नाही. पाण्याने ती जीप उचलून कंपाउंडच्या भिंतीवर आपटली, चेसिस वाकली. साहेबांचा फोन आला तेव्हा त्यांच्या घरात अजून पाणी होतं, आणि ते म्हणाले, “पैशाचं नंतर पाहू जी, आधी जीप भंगारवाल्याच्या हाती जाऊ देऊ नका.”

दुरुस्तीचं अंदाजपत्रक आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेलं, म्हणजे कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस, गाडी पूर्ण गेली असंच धरायचं. पॉलिसीवर साडेपाच लाख. कंपनीने पाठवलेले सर्व्हेअर म्हणाले, एवढ्या जुन्या जीपला पावणेदोन लाखांवर कोण देतो? आम्ही फाइल उघडली. व्हॅल्युएशनचा अहवाल, तारखेचे फोटो, पार्ट्सची बिलं, चेसिसचा ठसा, आणि सगळ्यात वर अंडररायटरचा, म्हणजे कंपनीत विमा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याचा, तो मेल ज्यात त्याने साडेपाच लाख मान्य केले होते. तरी प्रकरण अडलं. कंपनीच्या तक्रार कक्षाला पत्र, महिनाभर वाट, मग पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज. त्याला फी लागत नाही हे लोकांना सांगावं लागतं. सुनावणीआधीच कंपनीने रक्कम मान्य केली. सॅल्व्हेजची, म्हणजे मोडक्या गाडीची किंमत वजा करून जीप आरसीसह साहेबांकडेच राहिली. मिस्त्रीभाऊंनी वाकलेली चेसिस पाहून शिवी दिली आणि कामाला लागले.

जिंकलो, पण मार बसलाच. पुरानंतर त्याच कंपनीच्या वरच्या ऑफिसचा हुकूम आला : पंधरा वर्षांवरच्या गाड्यांना फक्त थर्ड पार्टी. आमची बहुतेक गिऱ्हाइकं त्यातलीच. एकेक नूतनीकरण परत येऊ लागलं. सीताबर्डीचं ऑफिस सोडलं, कपाट आणि प्रिंटर भाऊंच्या गॅरेजमागच्या शेडमध्ये हलवला. त्या दिवसांत काचेच्या ऑफिसवरून निरोप आला की फाइली द्या, माणसं सांभाळतो. मी फोन ठेवला. शेवटी दुसऱ्या एका कंपनीच्या मुंबईतल्या अंडररायटर बाईंनी गाडीगणिक फाइल पाहायला होकार दिला. त्यांनी पहिली फाइल मागितली ती इंजिनिअर साहेबांच्या जीपची, आणि त्यांचा पहिला प्रश्न होता चेसिसचा ठसा कुणी घेतला. भाऊंना हे सांगितलं तेव्हा ते आठवडाभर छाती काढून फिरत होते.

कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. इंजिन बदललं असेल तर आधी आरसीवर नोंद करा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. पुढचा बुलबार काढा, तो अपघातात तुमच्याच अंगाशी येतो. पाण्यात बुडालेल्या गाडीला चावी लावू नका. इंजिनात पाणी शिरलेलं असताना स्टार्टर मारला की कंपनी त्याला नंतरचं नुकसान म्हणते आणि हात वर करते. जुन्या गाडीला झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, सहसा मिळत नाही, दहा वर्षांवर लोखंडी भागांवर ५० टक्के घसारा लागतो, हे धरूनच चाला. आणि नूतनीकरण शेवटच्या तारखेला आणू नका. एक दिवस जरी खंड पडला तरी इन्स्पेक्शन नव्याने होतं आणि ठरलेल्या किमतीची बोलणी मुळापासून.

पुरानंतर वर्धा रोडच्या ऑफिसची गिऱ्हाइकं आमच्याकडे आली, सव्वा लाखाची पॉलिसी हातात घेऊन. त्यांच्यासाठी त्या वर्षीचं काही करता आलं नाही, कारण संमती त्यांनी सव्वा लाखालाच दिली होती. आता त्या ऑफिसवर ‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू स्पेशालिस्ट’ असा मोठा बोर्ड लागलाय. शब्द आमचाच उचलला.

या महिन्यात एक कोंटेसा अडली आहे. एमएच-३१, एकच मालक, भाऊंचं चुंबक कुठेही सुटलं नाही. मालकाची मागणी सहा लाख, अंडररायटर बाई पाचवर अडून आहेत. त्यांनी मागच्या सीटखालचे फोटो पुन्हा मागवलेत, ते उद्या सकाळी उजेडात काढायचे आहेत.