लिव्हिंगस्टोनियाला सेवेला जाताय? आधी गोरोडेचा घाट समजून घ्या

चितिंबा ते लिव्हिंगस्टोनिया पंधरा किलोमीटर. उत्तर मलावीतल्या मिशन दवाखान्यात सेवेसाठी येणाऱ्या डॉक्टरांना एवढंच सांगितलं जातं आणि तिथेच फसगत होते. आकडा खरा आहे. पण हे पंधरा किलोमीटर म्हणजे मलावी सरोवराच्या काठावरच्या चितिंबापासून साधारण आठशे मीटर चढणारा कच्चा रस्ता आहे, हाच गोरोडेचा घाट. वीस हेअरपिन वळणं, सुटे दगड, आणि एका बाजूला सरळ दरी. वरंधा घाट नेहमी चालवणाऱ्यानेही इथे पहिल्या खेपेला स्टिअरिंग हातात घेऊ नये.

मिशन एवढ्या उंचावर का, याचं उत्तर मलेरियात आहे. स्कॉटिश मिशनरी डॉ. रॉबर्ट लॉज आणि त्यांचे सोबती १८७५ साली केप मॅकलिअरला उतरले, १८८१ साली बंदावेला हलले. दोन्ही ठिकाणं सरोवरकाठची, आणि दोन्हीकडे तापाने माणसं गेली. शेवटी १८९४ साली ते खोंडोवेच्या पठारावर, म्हणजे आजच्या लिव्हिंगस्टोनियाला, चढले. मिरजेचा मिशन दवाखानाही त्याच सालचा. वर डास कमी आहेत हे खरं, पण म्हणून गोळ्या सोडू नका, कारण रात्र कधी ना कधी चितिंबात काढावी लागतेच. डॉक्सीसायक्लिन रोज १०० मिलिग्रॅम, निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून ते परतल्यावर चार आठवडे. क्लोरोक्विन विसरा, मलावीने ते १९९३ सालीच बाद केलं. सरोवरात उतरलात तर सहा ते आठ आठवड्यांनी बिल्हार्झियाच्या कृमींसाठी प्राझिक्वांटेल घ्या, वजनाच्या किलोमागे ४० मिलिग्रॅम.

राजधानी लिलाँग्वे ते उत्तरेतलं मोठं शहर म्झुझू या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, बस आहे, रस्ता डांबरी आहे. म्झुझूला मुक्काम करा आणि पहाटेची पहिली मिनीबस धरा. मिनीबस भरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे आठला गेलात तर दहाला सुटते आणि चितिंबाला पोचेपर्यंत दुपार होते. घाट चढायची ती वेळच नव्हे.

वर बस जात नाही. जाते ती ‘माटोला’, म्हणजे मागे माणसं आणि पोती एकत्र भरलेली पिकअप. भाड्याची मेख समजून घ्या. गाडी भरेपर्यंत थांबलात तर माणशी भाडं, थांबायची तयारी नसेल तर अख्ख्या गाडीचं. दुपारी तीननंतर अख्ख्या गाडीशिवाय दुसरा भाव नाही, कारण अंधाराची भीती तुम्हाला आहे, त्यांना नाही. भारतीय चेहरा दिसला की ‘म्वेन्ये’, म्हणजे भारतीय, आणि भारतीय म्हणजे दुकानदार, असं गृहीत धरून आकडा वाढतो. पेट्यांचं भाडं वर पोचल्यावर वेगळं मागतात. म्हणून चढण्याआधी माणूस, बॅगा, पेट्या मिळून एकच रक्कम ठरवा, ती चारचौघांसमोर वदवून घ्या आणि पैसे वर पोचल्यावरच द्या. त्याहून बरं म्हणजे दवाखान्याची गाडी सामान आणायला कोणत्या दिवशी खाली उतरते ते आधीच विचारा आणि डिझेलचा वाटा द्या. सामान गाडीने पाठवून पहाटे साडेपाचला चालत निघणं सर्वांत उत्तम: चार-पाच तास, तीन लिटर पाणी. नोव्हेंबर ते एप्रिल पावसात हा घाट टाळाच. रुम्फीकडून पठारावरून येणारा कच्चा रस्ता लांबचा आहे, चिखल तिथेही आहे, पण दरी नाही.

औषधं नेत असाल तर परवानगी आधी काढा, आणि पोचल्यावर निदान वर्षभराची मुदत शिल्लक असलेलीच न्या. केटामाइन हे भुलीचं औषध भारतातून बॅगेत घालू नका, सरळ गुन्हा होतो. बाळंतपणातला रक्तस्राव थांबवणारं ऑक्सिटोसिन दोन ते आठ अंशांतच राहिलं पाहिजे, तेव्हा शीतपेटी मांडीवर ठेवा, पिकअपच्या हौद्यात नको. मलावी मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी हातात येईपर्यंत तिकीट काढू नका.

वर गेल्यावर पहिला महिना क्लिनिकल ऑफिसरांच्या, म्हणजे डॉक्टरकीची पदवी नसलेल्या पण उपचार आणि शस्त्रक्रियांचं प्रशिक्षण घेतलेल्यांच्या, हाताखाली काढा. मलावीत सिझेरियन बहुतांशी तेच करतात, आणि मोठ्या शहरातून एमडी करून आलेल्यापेक्षा सफाईने करतात. सकाळच्या प्रार्थनेला वेळेवर जा. तुंबुका भाषेत कोणी सकाळी ‘म्वावुका उली’, म्हणजे कसे उठलात, म्हटल्यावर ‘तावुका मकोला’ एवढं उत्तर तरी द्या.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. रुग्ण म्झुझूला पाठवायचा तर तो याच घाटाने उतरतो. निर्णय दुपारी दोनच्या आत घ्या. ‘संध्याकाळपर्यंत बघू’ हे वाक्य इथे जीव घेतं. १६ किंवा १८ नंबरच्या सुईने दोन शिरा धरा, नळीला वेटोळं देऊन चिकटपट्टी मारा. हादऱ्यांमध्ये लटकवलेल्या सलाइनची धार टिकत नाही, तेव्हा पिशवीभोवती बीपीचा कफ गुंडाळून दाब द्या. उतारावर गाडीचं तोंड खाली असतं, म्हणजे ड्रायव्हरकडे ठेवलेलं डोकं पायांपेक्षा खाली जातं. रक्तस्रावाच्या शॉकमध्ये ते चालतं, धाप किंवा डोक्याला मार असेल तर डोकं गाडीच्या मागच्या बाजूला ठेवा. दिवस भरलेल्या बाईला उजव्या कुल्ह्याखाली चितेंजेची, म्हणजे बायका कमरेला गुंडाळतात त्या कापडाची, घडी घालून डावीकडे कलतं ठेवा.

ऑक्सिजनचा हिशेब कागदावर मांडा. मिनिटाला ५ लिटर म्हणजे तासाला ३००. घाट उतरायला दीड तास, पुढे म्झुझूपर्यंत तीन. एकूण १,३५० लिटर. १,५०० लिटरचा भरलेला सिलिंडर काठावर पुरतो, आणि एक टायर बसला की पुरत नाही. सिलिंडर दोन घ्या, स्टेपनीही दोन. रक्त द्यायला तयार असलेले दोन नातेवाईक गाडीत बसल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.