क्लेमच्या चेकसमोरचे एक वाक्य

आयुर्विम्याच्या धंद्यात तीन वर्षांची एक रेघ असते. पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाली की 2015 मध्ये सुधारलेल्या विमा कायद्याच्या कलम 45 नुसार कंपनीला तिच्यावर कोणत्याही कारणाने आक्षेप घेता येत नाही. त्याआधी विमेदार गेला तर मात्र प्रकरण ‘अर्ली क्लेम’ ठरते आणि चौकशी लागते. अहिल्यानगरमधील एक गॅरेजवाले माझे विमेदार होते. ही रेघ ओलांडण्यापूर्वीच ते हृदयविकाराने गेले. त्यांच्या पत्नी मिशनच्या एका वसतिगृहात मेट्रन आहेत आणि दोन मुली शिकत आहेत.

मी कागद मागण्याआधीच ताईंनी फाइल पुढे ठेवली. मूळ बाँड, मृत्यूचा दाखला, शेवटच्या उपचारांचे कागद, रद्द केलेला चेक आणि चर्चच्या नोंदवहीतील दफनाच्या नोंदीची पाळकांच्या सहीशिक्क्याची प्रत, सगळे क्रमाने लावलेले होते. एवढी नेटकी फाइल मी चार्टर्ड अकाउंटंटच्या घरीही पाहिलेली नाही. तरीही चौकशी अधिकाऱ्याने शेजाऱ्यांना ‘दारू पीत होते का’ असे विचारून गल्लीभर बोभाटा केला आणि कार्यालयाने आधीच दिलेले कागद पुन्हा मागवले. मी चिडत होतो. ताई मात्र म्हणायच्या, “भाऊ, मिळायचे ते मिळतील. आमचं त्यावाचून अडलेलं नाही.” धाकटीची फी थकली होती, हे मला ठाऊक होते.

अखेर क्लेम मंजूर झाला. रक्कम एनईएफटीने थेट खात्यात जमा होते. समारंभात देतात तो पुठ्ठ्याचा भलामोठा चेक निव्वळ फोटोपुरता असतो. आमच्या मॅनेजरना व्हिडिओ हवा होता आणि ‘विमा नसता तर काय झाले असते?’ हा प्रश्न त्यांनी ताईंना आधीच सांगून ठेवला होता. अपेक्षित उत्तरात थोडे रडू आणि कंपनीचा आधार एवढे असले की भागते. ताई कॅमेऱ्याकडे पाहून बायबलमधल्या स्तोत्राच्या शब्दांत शांतपणे म्हणाल्या, “परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही, हे आमचे हे गेले त्या रात्रीही खरं होतं. पैसे दिलेत, त्याबद्दल तुमचे आभार.” व्हिडिओतून अर्थातच पहिले वाक्य उडाले आणि आभार तेवढे राहिले.

दुसऱ्या दिवशी मी मुदत ठेवीचे गणित मांडून गेलो, तर 12 लाखांतले 1 लाख 20 हजार चर्चला दशमांश, म्हणजे देवासाठी काढलेला दहावा हिस्सा, म्हणून आधीच गेले होते. त्या रकमेच्या व्याजात धाकटीची वह्यापुस्तके निघाली असती, हे मी बोलून दाखवले. “पहिला वाटा त्याचा,” एवढेच त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

आमच्या प्रशिक्षणात माणसांचे दोनच प्रकार शिकवतात: भीतीने विमा घेणारे आणि ‘देव बघून घेईल’ म्हणून टाळणारे. दुसऱ्या प्रकारातले लोक बहुधा देवाच्या नावाखाली हप्ता वाचवत असतात, असे माझे स्पष्ट मत आहे. ताईंना मी यांपैकी कुठेच बसवू शकलो नाही, कारण त्याच चहाच्या वेळी त्यांनी स्वतःच्या नावाने टर्म प्लॅनचा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणाऱ्या विम्याचा, हप्ता विचारला. मेंढपाळ असताना विमा कशाला, असे मी जरा खोचकपणेच विचारले. “मी नसताना मुलींची फी रोखीत भरावी लागेल. त्यात विश्वासाचा प्रश्न कुठे आला, भाऊ?”

नंतर मला आठवले की आयुर्विम्याच्या इतिहासात ज्याचा मानाने उल्लेख होतो, तो 1744 चा स्कॉटलंडमधील निधी एडिंबरामधल्या दोन धर्मोपदेशकांनीच उभारला होता. पाळकांच्या विधवांना किती पैसा लागेल, हे रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेबस्टर यांनी मृत्यूंच्या आकड्यांवरून काढले. त्या दोघांना प्रार्थना आणि कोष्टके एकाच टेबलावर ठेवताना अडचण वाटली नसावी. मला ती अजून वाटते, आणि तरी फी थकलेल्या त्या घरात सर्वांत अस्वस्थ माणूस मीच होतो, हेही विसरता येत नाही.

ताईंचा प्रस्ताव वैद्यकीय तपासणीनंतर मंजूर झाला. महिन्याचे टार्गेट भरल्यामुळे मॅनेजरनी व्हिडिओबद्दलचा राग सोडून दिला.