माणसं वाचता येतात का?

आंतरव्यक्ती संवाद हा विषय मी विद्यापीठात शिकले असं कळलं, की समोरचा जरा सावरून बसतो. मग हमखास प्रश्न येतो, ‘म्हणजे तुम्हाला आता माणसं वाचता येत असतील?’ तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगते: नाही येत. आम्हाला कुणी तसं शिकवलंही नाही.

आम्ही शिकलो ते दोन माणसांच्या मध्ये काय घडतं ते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ हार्वी सॅक्स १९६३-६४ मध्ये लॉस एंजेलिसच्या आत्महत्या प्रतिबंध केंद्रात आलेल्या फोनची ध्वनिमुद्रणं अभ्यासत होते. फोन करणारे बरेचदा नाव सांगत नसत, ही केंद्राची अडचण. एका फोनवर कर्मचारी आपलं नाव सांगून ‘काय मदत करू?’ विचारतो. पलीकडून येतं, ‘ऐकू येत नाही.’ कर्मचारी पुन्हा आपलं नाव सांगतो, पलीकडचा तेच नाव नुसतं उच्चारतो, आणि त्याने स्वतःचं नाव सांगायची वेळ निघून जाते. नकार कुणीच दिलेला नाही! त्याला खरंच ऐकू आलं नव्हतं का, यावर सॅक्स यांना काही ठरवावं लागलं नाही. त्या तीन शब्दांनी काय साधलं, ते कागदावर दिसत होतं.

असं दिसायचं तर बोलणं जसंच्या तसं उतरवावं लागतं. सॅक्स यांच्या सहकारी गेल जेफरसन यांनी त्यासाठी चिन्हं बसवून दिली: श्वास, हसू, एकमेकांवर चढलेले शब्द, सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजलेली शांतता. काम भयंकर किचकट. पण दहा भाषांत मोजून पाहिलं, तर प्रश्न आणि उत्तर यांत सरासरी जेमतेम ०.२ सेकंदाचं अंतर निघालं. म्हणून ‘येशील का?’ विचारल्यावर सेकंदभर काहीच आलं नाही, की विचारणाराच म्हणतो, ‘नाही जमलं तरी चालेल हं.’ उशीर त्याला ऐकू आला. उशिराचं कारण मात्र त्यालाही कळलेलं नसतं आणि मलाही कळणार नाही.

राहता राहिला तो ‘संवादात शब्द फक्त ७ टक्के, बाकी सगळं आवाज आणि चेहरा’ असा नेहमी ऐकू येणारा आकडा. तो ज्यांच्यावरून आला, त्या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७च्या प्रयोगांत सुटे शब्द, आवाजाचा सूर आणि चेहऱ्याचे फोटो होते, आणि प्रश्न आवडी-नावडीपुरता. सगळ्या संवादाला तो लावू नका, असं ते स्वतःच सांगत.

तेव्हा देहबोलीवरून खोटं पकडायला शिकायचं असेल, तर या अभ्यासक्रमाच्या प्रवेशाचे पैसे वाचवा. दोन मिनिटांच्या गप्पा आठवडाभर ऐकायची तयारी असेल, तर जरूर अर्ज भरा.