चांद्याची जुनी रजिस्टरं आणि नागपूरचे पहिले दोन बिशप

चांद्याकडच्या (आजच्या चंद्रपूरकडच्या) ख्रिस्ती घराण्यांचा माग काढताना बहुतेक जण एकाच ठिकाणी फसतात: नागपूर आणि छोटा नागपूर. दोन्ही अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले, धर्मप्रांत (एका बिशपाच्या हाताखालचा मुलूख), पण अगदी वेगळे. छोटा नागपूरचे बिशप रांचीला बसायचे. तो धर्मप्रांत 1890 चा. आपल्या नागपूरला पहिले बिशप आले ते 1903 मध्ये, आयर चॅटर्टन.

गोंधळात भर अशी की पहिल्या दोन्ही बिशपांचा दोन्हीकडे संबंध आला. चॅटर्टन 1863 साली आयर्लंडमध्ये जन्मले, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकले, हजारीबागला डब्लिन युनिव्हर्सिटी मिशनचे प्रमुख होते, म्हणजे छोटा नागपुरात. पुढे नागपूरला येऊन 1926 पर्यंत बिशप राहिले. अॅलेक्स वुड यांची वाट उलटी. ते स्कॉटिश एपिस्कोपल चर्चच्या (स्कॉटलंडमधल्या अँग्लिकन चर्चच्या) चांदा मिशनात होते, 1919 मध्ये छोटा नागपूरचे बिशप झाले आणि 1926 मध्ये चॅटर्टन यांच्या जागी नागपूरला आले. चांद्याच्या दृष्टीने वुडच जास्त महत्त्वाचे, कारण बिशप होण्याआधी ते इथल्या मिशनमध्येच राबले होते.

आता रजिस्टरातल्या बिशपांच्या सहीचं. अँग्लिकन बिशप आडनाव लावत नाही. पाळण्यातलं नाव आणि पुढे धर्मप्रांत, बहुतेकदा आधी एक छोटा क्रूस. त्यामुळे ‘चॅटर्टन’ शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. ‘आयर नागपूर’ शोधा. ‘अॅलेक्स’च्या पुढे काय लिहिलंय ते मात्र नीट वाचा. छोटा नागपूर असेल तर कागद 1919 ते 1926 मधला आणि तिकडचा. नुसतं नागपूर असेल तर नंतरचा.

बाप्तिस्मा पाळक देतो. दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्याचा विश्वास पक्का करण्याचा विधी, मात्र तेव्हा अँग्लिकनांत फक्त बिशपच करायचे, डोक्यावर हात ठेवून. आणि ते झालेलं किंवा त्याची तयारी असल्याशिवाय प्रभुभोजनाला (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीला) बसता येत नसे. बिशपांचा मुलूख मध्य प्रांत, वऱ्हाड ओलांडून थेट राजपुतान्यापर्यंत. काळ्या मातीत पावसाळ्यात बैलबंडी रुतते. म्हणून बिशप गावात आले की साठलेले सगळे उमेदवार एका दिवसात उरकायचे. दृढीकरणाच्या रजिस्टरात एका तारखेखाली पंधरा-वीस नावं दिसली की लोक ‘गावानं एकदम धर्म बदलला’ असं धरून चालतात. तसं नसतं. बाप्तिस्म्याचं रजिस्टर वेगळं उघडा, तिथे तारखा बहुतेकदा निराळ्या सापडतील.

चॅटर्टन यांनी 1916 मध्ये गोंडवानाचा इतिहास पुस्तकरूपाने काढला. चांद्याच्या गोंड राजांवर इंग्रजीत एवढं एकत्र वाचायला मिळतं म्हणून ते जरूर पाहावं, पण लिहिणारा राज्यकर्त्यांच्या बाजूचा आहे हे धरून.

29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरातच अँग्लिकनसह सहा चर्चसंस्था मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्यानंतरच्या दाखल्यासाठी अर्ज करताना हेच नाव लिहा. त्याआधीच्या नोंदीसाठी मूळ चर्च कोणतं होतं तेही अर्जात लिहावं, म्हणजे कारकुनाला योग्य कपाट उघडता येतं.