थिबा राजाची चौकट

दिवाळीच्या सुट्टीत रत्नागिरीतल्या आम्हा गाडीवाल्यांना उसंत नसते. सकाळी स्टेशनवर पार्टी घ्यायची, रत्नदुर्ग, टिळक आळीतलं लोकमान्यांचं घर, थिबा पॅलेस, भाट्याचा समुद्र, आणि अंधार पडायच्या आत गणपतीपुळ्याला सोडायचं. थिबा पॅलेसला मी अर्धा तास धरतो. त्या दिवशी तिथे दोन तास गेले.

पार्टी डोंबिवलीची. नवराबायको, दोन मुलगे आणि आजोबा. आजोबा ऐंशीच्या घरातले, काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. वहिनी गाडीत बसतानाच म्हणाल्या, "दादा, बाबा गाडीतच थांबतील सगळीकडे. त्यांना काय दिसणार?" आजोबा काही बोलले नाहीत. रत्नदुर्गाला ते खरंच गाडीत बसून राहिले, टिळकांच्या घरीही. पॅलेसच्या आवारात मी झाडाखाली गाडी लावली, तेव्हा मात्र त्यांनी स्वतःच दार उघडलं आणि म्हणाले, "मला घेऊन चल रे. सावलीत बरं वाटतंय."

मी त्यांचा हात धरला आणि चालता चालता नेहमीची माहिती सांगायला लागलो. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं, तेव्हा तो पंचविशी ओलांडलेला तरुण होता. त्याला राणीसकट आधी मद्रासला नेलं आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये बोटीने इथे आणून ठेवलं. हा वाडा उभा राहिला १९१० साली, म्हणजे आल्यानंतर चोवीस वर्षांनी. पुढे सहाच वर्षं तो इथे राहिला आणि १९१६ च्या डिसेंबरात वारला. आपला बहादूरशहा जफर रंगूनला कैदेत वारला आणि त्यांचा राजा आपल्या रत्नागिरीत, हेही मी प्रत्येक पार्टीला सांगतो. ऐकून माणसं हळहळतात आणि फोटो काढायला लागतात.

आजोबांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. दारापाशी आल्यावर त्यांनी माझा हात सोडला आणि चौकटीवर तळवा ठेवला. मी तिथल्या माणसाला विचारलं, आजोबांना दिसत नाही, हात लावू द्याल का? त्यांनी मान हलवली. मग आजोबांनी चौकट खालून वरपर्यंत चाचपली, अगदी सावकाश. अंगठ्याचं नख रेषेवरून ओढलं. सांध्याशी थांबले, बोटाचं टोक तिथे फिरवून बघितलं. दोन लाकडं कुठे भेटतात ते बोटाला कळत नव्हतं, इतका सांधा बसलेला. ते वाकले आणि चौकटीला नाक लावून उभे राहिले.

"साग आहे," ते म्हणाले. "आणि मला विचारशील तर आपल्याकडचा नाही. बर्मा साग असणार. रेष बघ किती सरळ. आतून तेलकट असतो, म्हणून त्याला वाळवी लागत नाही. आता वास येत नाही, पण रंधा मारलास तर अजून येईल."

चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. रे रोडच्या वखारीत लाकूड निवडायला मालक त्यांनाच पाठवायचा. गिरगावातल्या चाळी पाडायला लागले तेव्हा तिथले वासे आणि दारं ते स्वतः सोडवून आणायचे. शंभर वर्षांचं बर्मा साग, म्हणाले, धुऊन पुसून पुन्हा नवं दार व्हायचं.

लढाई कशावरून झाली हे मी सहसा सांगत नाही. मुलं कंटाळतात, मोठी माणसं घड्याळ बघतात. त्या दिवशी सांगितलं, कारण लढाई सागावरूनच झाली होती. ब्रह्मदेशाच्या जंगलातला साग तोडायचा मक्ता होता बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडे, म्हणजे आपल्या मुंबईतल्या इंग्रजांच्या कंपनीकडे. राजाच्या दरबाराचं म्हणणं पडलं की कंपनी ओंडके जास्त नेते आणि कमी दाखवते. दरबाराने सुमारे २३ लाख रुपये दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्तच हवं होतं, फ्रेंचांशी राजाची जवळीक त्यांना आधीच खुपत होती. त्यांनी खलिता धाडला, फौजा नदीतून वर गेल्या आणि पंधरवड्यात राज्य संपलं.

आजोबांचा हात चौकटीवर थांबला.

"मोजणीवरून?" त्यांनी विचारलं.

"हो, मोजणीवरून."

"वखारीत रोज हेच भांडण व्हायचं," ते म्हणाले. "मोजणारा एक, उचलणारा दुसरा. ओंडक्यावर हातोडीने ठसा मारायचा, ठसा नसलेला नग निघाला की बोंबाबोंब. पण त्यापायी कुणाचं घर गेलेलं मी बघितलं नाही." मग जरा वेळाने, "आणि कैदेत ठेवलं तेही त्याच लाकडाच्या घरात."

त्यांचा आवाज बसला होता. मला काही सुचेना. बारा वर्षं मी लोकांना हा वाडा दाखवतोय, पण त्या अर्धगोल खिडक्या, त्यांचं नक्षीकाम म्हणजे माझ्या लेखी फोटोची जागा. हे लाकूड कुठलं, हा प्रश्न माझ्या मनात कधी आलाच नव्हता.

मुलं परत आली तेव्हा आजोबांनी थोरल्याचा हात चौकटीवर ठेवला. "डोळे मिट. आता सांग, सांधा कुठाय?" पोराने तीनदा चुकीचं सांगितलं. वहिनी बाजूला उभ्या राहून बघत होत्या. समुद्राची आठवण त्यांनीही काढली नाही.

थिबा पॉइंटवर थोडंच थांबलो. खाली काजळी नदीची खाडी, भाट्याचा पूल, पलीकडे सुरूचं बन. राजा इथे बसून समुद्र बघत राहायचा, असं आमच्याकडे सांगतात. आजोबांनी वारा कुठून येतोय ते तोंड फिरवून ओळखलं आणि विचारलं, "म्हणजे समुद्र पश्चिमेला. आणि त्याचा देश?"

"पाठीमागे," मी म्हटलं.

भाट्याला मुलं संध्याकाळपर्यंत पाण्यात होती. आजोबा सुरूच्या सावलीत चटईवर पडून होते, झोप मात्र लागलेली नव्हती.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. वहिनींनी लावून दिला होता. "दादा, जिना राहिला की रे आपला. कठडा कशाचा आहे, गोल आहे की चौकोनी, हात लावून बघ आणि मला सांग."

दुसऱ्या दिवशीची पार्टी साताऱ्याची होती. त्यांना मी आधी जिन्याकडे नेलं.